ताप उतरल्यानंतरची वर्षं

रुग्णालयातून मूल घरी सोडताना जे कार्ड हातात देतात त्यावर आजाराचं नाव असतं, दिलेल्या औषधांची यादी असते, पुन्हा दाखवायला कधी यायचं ती तारीख असते आणि शेवटी 'प्रकृतीत सुधारणा, घरी सोडले' अशी एक ओळ असते. मुरूडच्या, उरणच्या, श्रीवर्धनच्या घरांत हे कार्ड रेशनकार्ड आणि जन्मदाखल्याबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत जातं. जुलाबाच्या किंवा न्यूमोनियाच्या कार्डाचं काम बहुधा तिथे संपतं. मेंदूज्वराच्या कार्डाचं संपत नाही. मूल अंगणवाडीत बसू लागलं की ते बाहेर काढायला हवं, तिसरीच्या वर्गात बाई 'याचं लक्षच नसतं' म्हणतात तेव्हा काढायला हवं आणि अठराव्या वर्षी पोरगा पहिल्यांदा बोटीवर जायला निघतो तेव्हाही काढायला हवं. काढत कोणी नाही. एवढ्या वर्षांपूर्वीच्या तापाचा समोरच्या मुलाशी काही संबंध असेल, हे तोवर घरच्यांच्याही डोक्यातून गेलेलं असतं.

मेंदूभोवती पातळ आवरणं आहेत आणि त्यांच्यामध्ये पाण्यासारखा स्वच्छ द्रव खेळत असतो. तिथे जंतू शिरले की सूज येते. हा मेनिंजायटिस, आपल्याकडच्या बोलण्यातला मेंदूज्वर. विषाणूंमुळे होणारा प्रकार बहुतेक वेळा सौम्य असतो. जिवाणूंमुळे होणारा मात्र तासातासाला बिघडतो. त्यात न्यूमोकोकस, हिब आणि मेनिंगोकोकस ही तीन नावं जगभर पुढे असतात. अगदी तान्ह्या बाळांत दुसरे जिवाणू असतात. आपल्या देशात यांच्या जोडीला क्षयाचा मेंदूज्वर आहे. तो दबक्या पावलाने येतो आणि सगळ्यात जास्त मोडतोड करून जातो.

मोडतोड कशी होते हे समजलं की पुढचं बरंचसं आपोआप उलगडतं. एक तर मेंदूच्या तळाशी साचलेल्या पुवामुळे तिथून जाणाऱ्या रक्तवाहिन्या सुजतात, अरुंद होतात आणि मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. म्हातारपणी होतो तो पक्षाघात इथे वर्षभराच्या बाळाला होतो. दुसरं, द्रव वाहून जाण्याच्या वाटा चिकटून बंद होतात, पाणी आत तुंबतं आणि डोकं मोठं होऊ लागतं. तिसरं, आतल्या कानाला हा द्रव एका बारीक वाटेने जोडलेला असतो, त्या वाटेने जंतू आणि त्यांचं विष कानात उतरतं. चौथं डोळ्यांना दिसत नाही, स्कॅनमध्येही धड दिसत नाही. नव्या आठवणी घडवणाऱ्या भागातल्या पेशी या सुजेत मरतात.

कॅरेन एडमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये 'लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस'मध्ये जगभरच्या अभ्यासांची बेरीज मांडली. जिवाणूजन्य मेंदूज्वरातून वाचून घरी गेलेल्यांपैकी साधारण पाचातल्या एकाला काही ना काही कायमचं मागे राहतं, असं त्यात दिसलं. गंभीर परिणामांचं प्रमाण १२.८ टक्के होतं. जंतूप्रमाणे फरकही मोठा पडतो: न्यूमोकोकसनंतर जवळजवळ २५ टक्के, हिबनंतर साडेनऊ, मेनिंगोकोकसनंतर सुमारे सात. गंभीर परिणामांत बहिरेपण सगळ्यात वर, त्यानंतर आकडी, हातापायांतली कमजोरी, बुद्धीवरचा परिणाम, दृष्टी. आफ्रिकेत आणि आपल्या दक्षिण-पूर्व आशियात हा धोका युरोपपेक्षा कितीतरी जास्त.

पण हे आकडे घरी सोडताना किंवा त्यानंतर थोड्या काळात मोजलेले आहेत, आणि मला खटकतं ते नेमकं हेच. आठ महिन्यांच्या बाळाला कोणी गुणाकार विचारत नाही. रांगेत उभं राहा, आपली पाळी येईपर्यंत थांब, फळ्यावरचं वाच आणि त्याच वेळी वहीत उतरव, असं दोन वर्षांच्या मुलाला कोणी सांगत नाही. मेंदूच्या ज्या भागाला अजून कामच पडलेलं नाही तो बिघडलाय हे आज कळणार कसं? लक्ष टिकवणं, कामाचा क्रम लावणं, राग आवरणं ही कामं करणारा कपाळामागचा मेंदू विशीपर्यंत घडत असतो. पहिल्या वर्षी झालेली इजा म्हणून आठव्या वर्षी किंवा चौदाव्या वर्षी उघडी पडते.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८५ ते १९८७ या काळात पहिल्या वर्षातच मेंदूज्वर झालेल्या बाळांचा पाठपुरावा झाला. पाच वर्षांची झाल्यावर त्यांच्यातलं मध्यम किंवा तीव्र अपंगत्वाचं प्रमाण बरोबरीच्या मुलांच्या सुमारे दहापट निघालं. तीच मुलं सोळा वर्षांची झाल्यावर त्यांचे शालान्त परीक्षेचे निकाल पाहिले, तेव्हा त्यांतली जवळजवळ चौथा हिस्सा मुलं एकाही विषयात उत्तीर्ण नव्हती. बरोबरीच्या मुलांत हे प्रमाण कितीतरी कमी होतं. डेन्मार्कमध्ये तर ही माणसं मोठी झाल्यावर शिकली किती आणि स्वतःच्या पायावर उभी राहिली किती, तेही सरकारी नोंदींतून तपासलं गेलं आणि तिथेही ती मागे दिसली. त्या देशांत हे करता आलं याचं कारण साधं आहे. रुग्णालयाची नोंद, शाळेची नोंद आणि पुढची नोंद एकमेकींना जोडता येतात. आपल्याकडे त्या पिशवीतल्या कार्डाशिवाय जोडणारं काही नाही.

रायगडच्या किनाऱ्यावर या आजाराची कसोटी पहिल्याच रात्री लागते. बोर्ली पंचतनच्या आसपासचं कुठलंही घर घ्या. तान्ह्या बाळाला ताप आहे, ते अंगावर पीत नाही, किरट्या आवाजात रडतं, उचलून घेतलं की जास्तच रडतं. टाळू फुगल्यासारखी वाटते. मान ताठ होणं हे मोठ्या मुलांचं लक्षण, बाळांत ते बहुधा नसतंच. गावातल्या डॉक्टरांनी दोन दिवस प्रतिजैविकाचं पातळ औषध दिलेलं असतं. मग पहाटे आकडी येते आणि धावपळ सुरू होते. एक रस्ता म्हसळ्यावरून माणगावला जातो आणि तिथून मुंबई-गोवा महामार्गाला लागतो. त्या महामार्गाचं रुंदीकरण किती वर्षं चाललंय हे कोकणातल्या वाचकाला सांगायला नको. दुसरा रस्ता दिघीला जातो. तिथून फेरीबोटीने राजपुरीची खाडी ओलांडून आगरदांडा, मग मुरूड, काशीद, साळावचा पूल, रेवदंडा आणि अलिबाग. फेरीबोट रात्रभर चालत नाही. अलिबागेत जिल्हा रुग्णालय आहे, २०२१ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. पण मेंदूचा शल्यविशारद हवा म्हटलं की बहुतेकांच्या तोंडी मुंबईच येते. मांडव्याहून भाऊच्या धक्क्याला २०२० पासून रो-रो बोट सुरू झाली, त्यामुळे मोटार बोटीवर चढवून थेट पलीकडे उतरता येतं आणि धक्क्यापासून परळचं वाडिया रुग्णालय फार लांब नाही. लहान लाँच पावसाळ्यात बंद असतात. उरणकरांना २०२४ च्या जानेवारीपासून अटल सेतू मिळाला. श्रीवर्धनकरांसाठी मुंबई आहे तिथेच आहे.

या प्रवासात दोन गोष्टींवर पुढची दहा वर्षं ठरतात. पहिली म्हणजे प्रतिजैविकाचा पहिला डोस. मेंदूज्वराचा दाट संशय असेल आणि मोठं रुग्णालय दूर असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रातच सेफ्ट्रियाक्झोनचं इंजेक्शन देऊन मग गाडी सोडावी, हे वैद्यकात मान्य झालेलं आहे. नाहीतर तीन-चार तासांचा रस्ता असेल तर ते तीन-चार तास मेंदूतून वजा होतात. दुसरी गोष्ट आधीच्या औषधाची. गावातल्या त्या पातळ औषधाने आजार बरा होत नाही, पण पाठीतल्या पाण्याची तपासणी केली की जंतू वाढून दिसत नाहीत इतपत ते काम करतं. मग कुठला जंतू हे कळत नाही, डॉक्टर अंदाजाने उपचार करतात आणि ज्या जंतूनंतर कान हमखास तपासायला हवेत तोच जंतू होता की नाही, हे कार्डावर कधीच येत नाही. औषधाची बाटली बरोबर घेऊन जा असं सांगतात ते याचसाठी.

पाठीतलं पाणी काढायला घरची माणसं तयार होत नाहीत, हा तर जुना झगडा. 'पाणी काढलं आणि पोर लुळं पडलं' असं सांगणारं कोणीतरी प्रत्येक गावात असतंच. सांगणारा खोटं बोलत नसतो. पाणी काढलं होतं आणि पोर लुळं पडलं होतं, दोन्ही खरं आहे. पण लुळं पाडलं ते आजाराने, आणि पाणी काढायला होकार मिळेपर्यंत गेलेल्या दिवसाने. सुई कमरेच्या खालच्या मणक्यांमध्ये घालतात, पाठीचा कणा जिथे आहे पण मज्जारज्जू संपलेला आहे अशा जागी. निघतात ते काही थेंब. ते गढूळ असले तर जिवाणूंचा संशय. स्वच्छ असले आणि नळीत उभे ठेवल्यावर वर कोळ्याच्या जाळ्यासारखी साय धरली, तर क्षयाचा. हे चार वाक्यांत समजावून सांगायला वॉर्डात कोणाला वेळ मिळत नाही, आणि सही घ्यायला मात्र कागद पुढे येतो.

कानाचं सांगतो, कारण किनाऱ्यावर बसून ज्याबद्दल सगळ्यात जास्त काही करता येण्यासारखं आहे ते हेच. मेंदूज्वरात ऐकू येणं जातं ते बहुधा पहिल्या काही दिवसांतच. मूल घरी येतं, हसतं, खेळतं. आई ताटली वाजवते, मूल वळून बघतं, आई निर्धास्त होते. पण मुलाने ताटलीचा आवाज ऐकलेला नसतो. आईचा हात हललेला बघितलेला असतो, किंवा जमिनीची थरथर त्याला जाणवलेली असते. दीड-दोन वर्षांच्या मुलाला दहा-बारा शब्द येत असतात. ते पुढच्या काही महिन्यांत एकेक करून गळतात. 'आजारपणाने हट्टी झालाय, बोलतच नाही' असं घरात ठरतं. बोलायला उशीर होतो तो 'वडीलही उशिराच बोलले होते' या खात्यावर मांडला जातो.

खरी तपासणी बेराची. मुलाला झोपेचं औषध पाजून आडवं करतात, कपाळाला आणि कानामागे जेली लावून तारा चिकटवतात, कानात बारीक टिकटिक सोडतात आणि मेंदूपर्यंत ती पोचते का याच्या लाटा पडद्यावर बघतात. मुलाने काही सांगायची गरज नाही. ही तपासणी घरी सोडण्याआधी किंवा फार तर चार आठवड्यांच्या आत व्हायला हवी. घाई का, तर मेंदूज्वरानंतर आतल्या कानाच्या शंखाकृती नळीत हळूहळू हाड भरू लागतं. काही मुलांत ते आठवड्यांतच सुरू होतं. कॉक्लियर इम्प्लांटची तार त्या नळीत सरकवायची असते, आणि नळी हाडाने भरली की शस्त्रक्रिया अवघड होते, कधी अशक्य. जन्मतः बहिऱ्या मुलाच्या बाबतीत वर्ष-दीड वर्ष वाट बघता येते. इथे महिनाही महाग पडतो. वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे, इम्प्लांटसाठी सरकारी योजना आहेत, मुंबई काही दुसरा देश नाही. पण 'दोन महिन्यांनी दाखवा' एवढं कार्डावर लिहिलेलं असतं आणि दोन महिन्यांनी नारळी पौर्णिमा होऊन मासेमारीचा हंगाम उघडलेला असतो. पहिल्या प्रतिजैविकाआधी किंवा त्याबरोबरच डेक्सामेथासोन दिलं तर बहिरेपणाचं प्रमाण कमी होतं, विशेषतः हिबच्या आजारात, हेही इथेच नोंदवतो. ते औषध स्वस्त आहे आणि कुठेही मिळतं.

एका कानाने ऐकू न येणारं मूल तर कोणाच्याच लक्षात येत नाही. ते शांत खोलीत सगळं ऐकतं. चाळीस मुलांच्या वर्गात, बाहेर पाऊस आणि वर पत्रा असताना, त्याला बाईंचं निम्मंच ऐकू येतं.

आता एक गोष्ट जी डोंगरी तालुक्यांत फारशी कामाची नाही, पण इथे जिवाची आहे. आतल्या कानात ऐकण्याच्या यंत्रणेला लागूनच तोल सांभाळण्याची यंत्रणा असते. मेंदूज्वरात ऐकू येणं गेलेल्या पुष्कळ मुलांचा तोलही गेलेला असतो. बसायला शिकलेलं बाळ पुन्हा लोळू लागतं, चालणारं मूल भिंत धरू लागतं. मग लहान मुलं जुळवून घेतात. डोळ्यांनी आणि तळपायांच्या जाणिवेने ती तोल सांभाळायला शिकतात, दोन-तीन वर्षांत धावू लागतात आणि प्रश्न मिटला असं सगळ्यांना वाटतं. तो मिटलेला नसतो, झाकलेला असतो. अंधार पडला की डोळ्यांची मदत जाते. वाळूत, चिखलात तळपायांची मदत जाते. आणि पाण्यात बुडी मारली की दोन्ही एकदम जातात. ज्याची ही यंत्रणा निकामी आहे त्याला गढूळ पाण्याखाली वर कुठे आणि खाली कुठे हे कळत नाही. चांगला पोहणारा मुलगाही वर यायच्या ऐवजी तळाकडे हात मारू शकतो.

रेवदंड्याच्या, राजपुरीच्या, करंजाच्या खाड्यांचं पाणी कधीही नितळ नसतं. कोळ्यांची आणि आगऱ्यांची पोरं चालायला लागली की पाण्यात असतात, त्यांना कोणी पोहायला शिकवत नाही. त्यामुळे मेंदूज्वरानंतर बहिरं झालेलं मूल एकट्याने खाडीत उतरता कामा नये, हे घरात आणि शेजारपाजारी माहीत असायलाच हवं. मुलांच्या कानाच्या तज्ज्ञांना ही गोष्ट चांगली ठाऊक आहे. पण त्यांचे रुग्ण बहुतेक शहरातले. खाडीकाठच्या आईला ती सांगायची कोणी, हा प्रश्नच कधी पडलेला दिसत नाही.

धंद्याप्रमाणे अपंगत्वाची मापंही बदलतात. मोठ्या बोटीवर इंजिनाचा आवाज असा असतो की कान धड असलेल्यांनाही एकमेकांचं ऐकू येत नाही, जाळं ओढताना बरंचसं हातवाऱ्यांवर चालतं. तिथे बहिरा खलाशी फारसा अडत नाही; शाळेत जो सगळ्यात मागे होता तो इथे बरोबरीने काम करतो, निदान दिवसाउजेडी. आकडीचं नेमकं उलट. वर्षातून एखादी आकडी येणारा मुलगा शाळेत सांभाळून घेतला जातो. बोटीवर ती एकच आकडी पुरेशी असते. काठावर उभा असताना आली तर तो पाण्यात, आणि दोरखंडाच्या चक्राजवळ आली तर त्याहून वाईट. म्हणून सतरा-अठरा वर्षांपर्यंत जो आजार घरच्यांनी 'आता काही नाही त्याला' म्हणून विसरायला घेतलेला असतो, तोच नेमका कमवायच्या वयात पुन्हा दारात उभा राहतो. घराण्याची बोट असेल तर मुलगा जेट्टीवर बर्फ फोडायला आणि मासळी निवडायला राहतो. लग्न ठरताना आकडी लपवली जाते, आणि लपवायची म्हणून गोळी बंद केली जाते, हे तर सगळीकडचंच.

गोळीचंही एक आहे. वर्षानुवर्षं गावोगावी आकडीवर दिली गेलेली जुनी, स्वस्त गोळी म्हणजे फिनोबार्बिटोन, लोकांच्या तोंडची गार्डिनल. आकडी ती थांबवते, पण काही मुलं तिने सुस्त होतात तर काही उलट चिडखोर आणि चंचल. मग वर्गातल्या त्या मुलाच्या न लागणाऱ्या लक्षात मेंदूज्वराचा वाटा किती आणि गोळीचा किती हे ठरवायला मुलांच्या मेंदूविकारांचा तज्ज्ञ लागतो. गोळी मनाने बंद करणं हा त्यावरचा उपाय नव्हेच.

क्षयाच्या मेंदूज्वराची गोष्ट वेगळी मांडायला हवी, कारण त्यातून वाचलेलं मूल हीच मुळात अलीकडची घटना आहे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस स्ट्रेप्टोमायसिन येईपर्यंत हा आजार म्हणजे मृत्यूच होता. ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९४८ मध्ये या औषधाने मुलं वाचतात हे दाखवलं, आणि तेव्हापासून वाचलेल्यांचं पुढे काय, हा प्रश्न जन्माला आला. औषधानेच त्या प्रश्नात भर घातली. स्ट्रेप्टोमायसिन आतल्या कानाला घातक आहे. त्या पिढीत जी मुलं जगली त्यांतली काही औषधामुळेच बहिरी झाली.

मुंबईत या मुलांकडे सगळ्यात बारकाईने पाहिलं ते डॉ. पी. एम. उडाणी यांनी. ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे. जे. रुग्णालयाच्या बालविभागात क्षयाची मुलं भरलेली असण्याचा तो काळ. मज्जाविकृतितज्ज्ञ डॉ. दाराब दस्तूर यांच्याबरोबर त्यांनी १९६६ ते १९७१ या काळात लिहिलेले निबंध आजही उद्धृत होतात. काही मुलांत आवरणांची सूज फारशी नसताना मेंदूच सुजतो, त्यातला पांढरा भाग बिघडतो, हे त्यांनी दाखवलं. मुंबईच्या त्या वॉर्डांत येणारी मुलं फक्त मुंबईची नसत. आपला जिल्हा तेव्हा कुलाबा म्हणून ओळखला जात होता आणि दुखणं हाताबाहेर गेलं की माणसं मुंबईचाच रस्ता धरत.

या आजारातून वाचलेल्या मुलांचा २०१४ चा जागतिक आढावा सांगतो की निम्म्याहून जास्त मुलांना मज्जासंस्थेचं काही ना काही दुखणं कायमचं राहतं. उपचार उशिरा सुरू झाले तर त्याहूनही वाईट. उशीर होतो, कारण सुरुवात फसवी असते. दोन-तीन आठवडे बारीक ताप, मूल खेळत नाही, उलट्या, वजन घटतं, थोडी चिडचिड. नजर लागली म्हणून उतरवून टाकायला आणि कृमींचं औषध द्यायला हा वेळ अगदी पुरतो. मान ताठ होऊन मूल गुंगीत जातं तेव्हा निम्मा खेळ संपलेला असतो.

डोक्यात पाणी तुंबलं की डॉक्टर कातडीखालून डोक्यापासून पोटापर्यंत नळी टाकतात, शंट म्हणतात तिला. ती आयुष्यभराची सोबत. नळी कधी ना कधी चोंदते, जंतू धरते, मूल उंच झालं की अपुरी पडते. महिन्याने चोंदेल किंवा नऊ वर्षांनी. तेव्हा डोकं दुखतं, सकाळी उठल्याबरोबर उलट्या होतात, मूल पेंगतं. पित्त झालं म्हणून दोन दिवस लिंबू-पाणी पाजणं इथे जिवावर बेतू शकतं. मुलाच्या डोक्यात नळी आहे हे शाळेच्या बाईंना, शेजाऱ्यांना, मामाच्या गावी मामाला, सगळ्यांना सांगून ठेवायला हवं. कातडीखालची ती नळी हाताला लागते, म्हणून घरचे ती केसांनी आणि टोपीने झाकतात.

शाळेबद्दल थोडक्यात. आंधळं, बहिरं, चालता न येणारं मूल शाळेला दिसतं. ज्याचा बुद्ध्यांक ऐंशीच्या आसपास आहे, कामाचा वेग कमी आहे, दोन सूचना एकदम दिल्या की दुसरी निसटते आणि कारण नसताना भडकतं, ते दिसत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सातावरून एकवीस प्रकार केले, ही मोठीच गोष्ट. पण सवलतींचा दरवाजा साधारण चाळीस टक्क्यांवर उघडतो, आणि बौद्धिक दिव्यांगत्वाची रेषा सत्तरच्या बुद्ध्यांकाजवळ आहे. मेंदूज्वरातून आलेली पुष्कळ मुलं दोन्हींत न बसणाऱ्या पट्टीत पडतात. एका कानाचं थोडं, लक्षाचं थोडं, हाताचं थोडं. प्रत्येक गोष्ट प्रमाणपत्रापुरती नाही, सगळ्या मिळून मात्र मुलाला दहावीपर्यंत पोचू देत नाहीत. वर्गात त्याला मठ्ठ म्हणतात, घरी आळशी.

आणि गंमत अशी की यासाठी लागणारी यंत्रणा कागदावर पूर्ण तयार आहे, शिवाय ती महाराष्ट्रातूनच सुरू झाली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला झाला. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा जावीत, मुलं तपासावीत, काही सापडलं तर जिल्ह्याच्या लवकर-उपचार केंद्राकडे पाठवावीत अशी रचना आहे. त्यांच्या यादीत ऐकण्यातला दोष आहे, बोलण्यातला उशीर आहे, शिकण्यातली अडचण आणि अतिचंचलता आहे. म्हणजे मेंदूज्वर मागे ठेवून जातो ते जवळपास सगळं त्या यादीत आहे. फक्त पथकाने आजवर कधीही न पाहिलेल्या शंभर मुलांच्या रांगेत हे मूल उभं असतं तेव्हा त्याच्या नावापुढे 'मेंदूज्वर झाला होता' अशी खूण नसते. जन्मतः कमी वजनाच्या बाळाला आशाताई घरी येऊन बघते, कारण ते धोक्याच्या यादीत असतं. आठव्या महिन्यात मेंदूज्वर होऊन आलेलं बाळ कोणाच्याच यादीत नसतं. रुग्णालयातून सुटतानाच्या कार्डाची एक प्रत त्या गावच्या आरोग्य केंद्रात जावी आणि आशाताईच्या वहीत ते नाव चढावं, याला ना नवा कायदा लागतो ना नवी इमारत. जागतिक आरोग्य संघटनेने २०३० पर्यंत मेंदूज्वराला हरवण्याचा जो आराखडा केला आहे त्याच्या पाच खांबांपैकी एक खांब वाचलेल्यांच्या देखभालीचा आहे, पण मला त्या आराखड्यापेक्षा आशाताईच्या वहीचा भरवसा जास्त वाटतो.

आजार होऊच नये यासाठीचं काम मात्र गेल्या दहा-पंधरा वर्षांत खरोखर झालं आहे. हिबची लस असलेलं पेंटाव्हॅलंट २०११ च्या डिसेंबरात केरळ आणि तमिळनाडूत सुरू झालं आणि पुढच्या काही वर्षांत देशभर पोचलं. न्यूमोकोकसची लस, पीसीव्ही, २०१७ मध्ये काही राज्यांत आणि २०२१ मध्ये सगळीकडे आली. त्याआधी ती खासगी दवाखान्यात हजारो रुपये मोजून मिळायची. ही लस स्वस्तात बनवली पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने. आफ्रिकेच्या मेंदूज्वर पट्ट्यासाठी २०१० मध्ये आलेली, अर्ध्या डॉलरच्या आत मिळणारी लसही त्यांचीच. तिथला 'अ' गटाचा मेनिंगोकोकस तिने जवळजवळ संपवला. बीसीजीबद्दल लोकांत, आणि काही डॉक्टरांतही, 'तिचा काही उपयोग नाही' असा समज आहे. मोठ्या माणसाच्या फुफ्फुसाच्या क्षयाला ती रोखत नाही हे तमिळनाडूतल्या चिंगलपट्टच्या प्रचंड चाचणीत दिसलं, त्यातून हा समज पसरला. पण जन्मल्याबरोबर ती टोचतात ती फुफ्फुसासाठी नव्हेच. लहान मुलाला क्षयाचा मेंदूज्वर होऊ नये यासाठी टोचतात, आणि ते काम ती चांगलं करते. त्याहून सोपी आणि त्याहून दुर्लक्षित गोष्ट म्हणजे घरात कोणाला थुंकीतून पसरणारा क्षय निघाला तर पाच वर्षांखालच्या मुलाला, त्याला क्षय झालेला नाही याची खात्री करून, प्रतिबंधक औषध देणं. सरकारी कार्यक्रमात ते फुकट आहे. आजोबांच्या गोळ्या सुरू होतात, नातवंडाचं कोणी विचारत नाही.

पीसीव्हीचे डोस सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नवव्या महिन्याला. अलिबाग, पेण, रोह्याच्या कातकरी वाड्यांतली कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि कोळसा पाडायला निघतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. भाद्रपदात जन्मलेल्या बाळाचा पहिला डोस वाडीवर होतो, दुसरा भट्टीवर येतो, आणि नवव्या महिन्यातला परतायच्या गडबडीत. माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर असेल तर कुठल्याही जिल्ह्यातल्या, कुठल्याही राज्यातल्या सरकारी केंद्रात राहिलेला डोस मिळतो, आणि उशीर झाला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. भट्टीमालकाच्या टेम्पोत भांडीकुंडी चढतात तेव्हा ते कार्ड बऱ्याचदा वाडीवरच्या कुडाच्या झोपडीत मागे राहतं. काही ठिकाणच्या आशाताई आणि अंगणवाडीताई आता दिवाळीच्या आधीच वाड्यांवर फिरून कोण कुठल्या भट्टीवर निघालंय याची यादी करतात आणि कार्ड आईच्या पिशवीत घातल्याशिवाय उठत नाहीत.